आचोळे ते पाचूबंदर: आठ चकचकीत गिटारी आणि एक कळकट

आमच्या घरात नऊ गिटारी होत्या आणि त्यातली एकही आमच्यापैकी कुणाला वाजवता येत नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना कुणी सुरांची अपेक्षा ठेवणार नाही. हे प्रवासवर्णन आहे. प्रवास एकूण दोन दिवसांचा, तोही वसई तालुक्याच्या बाहेर न जाता. ज्यांना आपल्याच तालुक्यातली गावं बघायची आहेत पण "तिथे काय आहे बघण्यासारखं" म्हणून घरी बसतात, त्यांच्यासाठी मी मुद्दाम तपशिलात लिहिते आहे.

आम्ही नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहतो. वन रूम किचन, दुसरा मजला. अण्णा, म्हणजे माझे वडील, वसई पूर्वेच्या एका फर्निचर कारखान्यात पॉलिशचं काम करतात. वसईच्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती घरांत जुनं शिसवी आणि सागवानी सामान पुष्कळ. त्याच्या पॉलिशसाठी अण्णांना घरी बोलावतात. बारा वर्षांपूर्वी गिरीजच्या एका घरात कपाटावर एक गिटार धूळ खात पडली होती. अण्णांनी कपाटाबरोबर तिलाही फुकट पॉलिश करून दिलं. मालक म्हणाला, "एवढी सुंदर झाली तर तुम्हीच न्या, आमच्याकडे पुन्हा धूळच खाईल." तिथून सुरुवात झाली. मग भुईगाववाली आली, उमराळेवाली आली. आमच्या गिटारींना गावांची नावं आहेत. कधी मजुरीतून वळते करून, कधी शंभर-दोनशे रुपये देऊन अण्णा त्या आणायचे, घरी गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासायचे, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे, म्हणजे लाखेचे, हात द्यायचे, आणि तोंड दिसेल इतकी चमक आली की भिंतीवर खिळा ठोकायचे. रोज संध्याकाळी एकेक उतरवून मऊ फडक्याने पुसायची आणि परत लावायची, हा त्यांचा रियाज.

नितीनदादाचं लग्न यंदाच्या वैशाखातलं ठरलं आणि आईने भिंतीकडे बघितलं.

"सून घरात येणार आहे. ती काय खिळ्याला लटकून झोपणार?"

"पाच भिंतीवर आहेत, दोन माळ्यावर, एक दारामागे, एक पलंगाखाली," अण्णा म्हणाले. "जमिनीवर एकही नाही. झोपायला जमीन लागते."

"सून पाहिजे की गिटारी, ते ठरवा. अक्षता पडायच्या आत ठरवा."

दादा स्वतःच्या लग्नाबद्दलही फार बोलत नाही.

आता माझ्यावर आलं. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, त्यामुळे कुणालाही न कळणारी गोष्ट माझ्याकडे येते. तुळिंजच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन मी दोन संध्याकाळी जुन्या गिटारींबद्दल वाचलं. वाचून मी थक्क झाले. जगात लोक जुन्या गिटारी जपतात, त्यांचा इतिहास लिहितात, आणि गिटार जितकी जुनी तितकी तिची किंमत. मी दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक गिटारीला एक पान दिलं: गाव, घर, कधी आली, लाकूड कुठलं. मग घरात एक छोटं भाषण केलं. म्हटलं, आपल्याकडे भंगार नाही, ठेवा आहे. विकायचा असला तरी जाणकाराच्या हाती गेला पाहिजे.

"जाणकार किती देईल?" आईने विचारलं.

ते शोधायलाच हा प्रवास.

नंदाखालला इनास मास्तर म्हणून एक जुने संगीतशिक्षक राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेली. चर्चच्या गायनमंडळाच्या तीन पिढ्या त्यांनी तयार केल्या. गिटारी दुरुस्तही करतात आणि वांद्र्याच्या एका संग्राहकाला जुनी वाद्यं मिळवून देतात, असं अण्णांना गिऱ्हाइकांकडून कळलं होतं. फोन केला तर म्हणाले, "घेऊन या. फोनवरून गिटार दिसत नाही."

नऊ गिटारी न्यायच्या कशा, हा प्रश्न सोफ्याने सोडवला. कारखान्यातून शनिवारी आगाशीला एक सोफा पोचवायचा होता. टेम्पो यादवचा. अण्णांनी त्याला विचारलं, तो म्हणाला, "मिस्त्री, जगह नहीं है. सोफे पे बैठो तो है."

तर शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही आचोळ्याहून निघालो ते असे: टेम्पोत मागे प्लास्टिक गुंडाळलेला तीन जणांचा सोफा, सोफ्याच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये आणि पायाशी नऊ गिटारी. टेम्पोला मागे छप्पर नव्हतं. दिवाणखान्याची एक भिंत पडली आहे आणि आत बसलेल्यांना अजून कळलेलं नाही, असं ते दृश्य असणार. तुळिंजच्या बाजारात भाजीवाल्या हातातला कोथिंबिरीचा जुडा तसाच धरून बघत राहिल्या. आमच्या चाळकमिटीचे सेक्रेटरी दूध घेऊन येत होते, त्यांनी हात वर केला. अण्णांनी सोफ्यावर बसूनच नमस्कार केला.

पूर्वेकडून पश्चिमेला जायला टेम्पोला लांबचा फेरा पडतो, त्यात पाऊण तास गेला. पण सोपारा गाव मागे पडलं की रस्ता बदलतो. इमारती संपतात आणि दोन्ही बाजूंना वाड्या सुरू होतात. केळी, सुपारी, मधे विहीर, विहिरीवर मोटारीची खोली, अंगणात मोगरा. रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर कुणीतरी कुणाच्या तरी अंगणात शिरतं. एप्रिलचं ऊन होतं, पण केळीच्या सावलीत ते अंगाला लागत नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर सकाळीच जा, आणि शक्य असेल तर सोफ्यावर बसून जा. रिक्षातून हे अर्धंच दिसतं.

निर्मळच्या नाक्यावर यादवने चहासाठी गाडी थांबवली. चहा तीन रुपये, बटाटावडा चार, गरम. आम्ही सोफ्यावरच बसून खात होतो. एक धोतरवाले काका जवळ आले.

"पार्टी कुठली?"

"आचोळ्याची," अण्णा म्हणाले. त्यांना प्रश्न राहण्याचा वाटला.

"हळदीचा काय रेट घेता?"

"आम्ही हळद लावत नाही. फक्त पॉलिश."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आणि ही गाते?"

"ही पदवीधर आहे," अण्णा म्हणाले.

काका समाधान झाल्यासारखे गेले. जाताना म्हणाले, "बरंय, शिकलेल्या लोकांनी ह्या धंद्यात यायलाच पाहिजे."

आगाशीला सोफा उतरवला तेव्हा मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला सोफ्यावरून उतरताना पाहिलं.

"माझ्या सोफ्यावर बसून आलात तुम्ही?"

"खड्ड्यातून आणलाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "स्प्रिंग एकदाही वाजली नाही. कारखान्यात एवढं टेस्टिंग होत नाही."

बाई विचारात पडल्या, मग त्यांनी आम्हाला सरबत दिलं. आगाशीला गेलात तर सुकेळी घ्यायला विसरू नका. उन्हात वाळवून केळीच्या सोपटात बांधलेली पिकली केळी. महाग असतात, पण एक खाल्लं की एसटी दोन तास नाही आली तरी चालतं. मी हे अनुभवाने सांगते.

यादवने आम्हाला उलट येऊन नंदाखालला सोडलं आणि "मिस्त्री, वापस का अपना देख लेना" म्हणून निघून गेला.

इनास मास्तरांचं घर वाडीच्या आत. ओटीवर लांब बाक, भिंतीवर आल्तार, म्हणजे येशूचा लाकडी देव्हारा, आल्तारापुढे ताजा अबोलीचा हार. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. अण्णांनी बाकावर एकेक गिटार मांडली. आठ गिटारी अशा चमकत होत्या की ओटीवर उजेड वाढला. नववी पेटीतच होती. ती पाचूबंदरवाली, पलंगाखाली राहणारी. तिची गोष्ट पुढे येते.

मास्तरांनी पहिली उचलली. वाजवली नाही. नाकाजवळ नेऊन हुंगली. मग दुसरी. मग सगळ्या. मग चष्मा काढून पुसला.

"हे कुणी केलं?"

"मीच," अण्णा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा माझ्या निकालाच्या दिवशी ऐकला होता. "आधी जुनं सगळं घासून काढलं. मग चपडीचे पाच हात. भुईगाववालीला सात."

आतून मास्तरांच्या सुनेने पाणी आणलं, तिने तांब्या खाली ठेवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "इतका सफाईचा हात मी वसईत पाहिलेला नाही. हे जेवणाचं टेबल असतं तर मी आत्ता घेतलं असतं."

"पण?" मी विचारलं.

"पण ही गिटार आहे, बाळ. जुन्या गिटारीवरचं पॉलिश पन्नास वर्षांत पिवळं पडतं, त्याला बारीक तडे जातात, वाजवणाऱ्याच्या हाताने ठिकठिकाणी उडतं. संग्राहक पैसे मोजतो ते त्याचे. ते तुझ्या वडिलांनी पॉलिश पेपरने काढून टाकलं. आणि वर सात हात दिले. लाकूड गुदमरलं." त्यांनी भुईगाववालीची एक तार छेडली. तिच्यातून कुणीतरी गोधडीत खोकल्यासारखा आवाज आला.

मी वही उघडून बसले होते. "लाकूड: शिसवी" असं लिहिलेल्या ओळीकडे बघत राहिले. इंटरनेटवर मी सगळं वाचलं होतं, हे एवढं सोडून. जपणं म्हणजे स्वच्छ ठेवणं, हे मलाही इतकं उघड वाटत होतं की तपासावंसं वाटलं नाही. शेवटी मीही पॉलिशवाल्याचीच मुलगी.

अण्णा म्हणाले, "म्हणजे कळकट असती तर किंमत आली असती?"

"हो."

"मळासकट?"

"मळासकट."

अण्णांनी तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांची शाबासकी घेतली होती तिचा हा हिशेब त्यांना लागेना. ते उठून ओटीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मास्तरांना वाईट वाटलं असावं. विषय बदलायला त्यांनी विचारलं, "त्या पेटीत काय आहे?"

"ती दाखवण्यासारखी नाही," अण्णा पाठमोरेच म्हणाले. "तिला हात लावलेला नाही."

मास्तरांनी पेटी उघडली आणि पुन्हा चष्मा काढून पुसला, पण या वेळी घाईघाईने. जर्मन गिटार. कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जहाजावरून आणलेली. मधासारखा रंग, वर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि भोकाखाली एका जागी पॉलिश पार झिजून लाकूड उघडं पडलेलं. मास्तरांनी तारा जुळवल्या, तब्बल दहा मिनिटं. मग त्यांनी एक साधा सूर धरला.

नऊ वर्षं आमच्या पलंगाखाली, आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, हा आवाज होता. सुनेने आत पोळपाटावरचा हात थांबवला. अण्णा वळले. ते कधीच आपल्या गिटारींपैकी एकीचाही नीट आवाज ऐकायला गेले नव्हते. त्यांना बघायच्याच असत.

"वांद्र्याचे गृहस्थ ही उद्या येऊन नेतील," मास्तर म्हणाले आणि एक आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, आईने शपथ घातली आहे. एवढंच सांगते की तेवढ्यात तुळिंजला दादासाठी एक खोली भाड्याने घेता आली असती, डिपॉझिटसकट, आणि मांडवाचंही भागलं असतं.

म्हणजे पेच असा झाला: ही एक विकली तर दादा-वहिनीला वेगळी खोली, आणि बाकी आठ बिनकिमतीच्या गिटारी खुशाल भिंतीवर. ही ठेवली तर आठ काढूनही काही हाती नाही. मी मनात म्हटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे?

अण्णा म्हणाले, "ही विचारल्याशिवाय विकता येणार नाही."

"तुम्हालाच तर विचारतायत," मी म्हटलं.

"मला नाही. कतरीन मावशीला."

परतीच्या एसटीबद्दल थोडक्यात सांगते. नालासोपाऱ्याची गाडी, तिकीट सात रुपये. कंडक्टर नऊ गिटारी बघून म्हणाला, "वाजवणार नसाल तर चढा." गाडी भरलेली. लोकांनी न सांगता एकेक गिटार मांडीवर घेतली. कुणाचा थांबा आला की तो आपली गिटार शेजाऱ्याकडे देऊन उतरायचा. अण्णा प्रत्येक थांब्याला गावांची नावं घेत मोजायचे, "गिरीज, भुईगाव, उमराळे...", आणि प्रवासी गोंधळून खिडकीबाहेर बघायचे, कारण गाडी त्या गावांना जातच नव्हती. शेवटी स्टॅंडवर आमच्या पदरात नऊ गिटारी आणि शेवग्याच्या शेंगांची एक जुडी पडली. शेंगा कुणाच्या ते कळलं नाही. आईने रात्री आमटी केली. म्हणाली, "चला, काहीतरी उपयोगाचं आणलंत."

आता पाचूबंदरवालीची गोष्ट. वसईच्या किल्ल्यापलीकडे, समुद्राला लागून, पाचूबंदर हे ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. तिथल्या कतरीन मावशींचा नवरा पेद्रू जहाजावर खलाशी होता. तो वारल्यावर वर्षभराने मावशींनी घरातल्या आल्ताराला पॉलिश करायला अण्णांना बोलावलं. तीन दिवस काम चाललं. कोपऱ्यात पेद्रूची गिटार होती. मजुरीच्या बदल्यात अण्णांनी ती मागितली. मावशी म्हणाल्या, "ने. पन हिला पुसू नको."

अण्णांनी ते शब्द घरी आणले. गेलेल्या माणसाच्या हाताच्या खुणा आहेत, बाईला त्या मोडायच्या नाहीत, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की आई झाडू मारतानाही त्या पेटीला हळू सरकवायची. नऊ वर्षं हा माणूस पलंगाखाली एक मळकी गिटार घेऊन झोपला. तुम्ही पॉलिशवाला ओळखत नसाल तर त्यातला त्याग तुम्हाला कळणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं आणि ती एक पेटी असे निघालो. वसई स्टेशन पश्चिमेहून एसटी थेट किल्ल्यापर्यंत आणि पुढे जाते. किल्ल्यात उतरून भिंतीतली झाडं आणि पडकी चर्चं बघत चालत जाता येतं, पाणी बरोबर ठेवा. मला तिथल्या एका कमानीखाली थांबून वहीत काही टिपायचं होतं. अण्णा म्हणाले, "मेघा, चर्चमधली मिस्सा सुटली की मावशी बाजारात जाईल." त्यामुळे किल्ला मी धावत पाहिला.

पाचूबंदरला पोचायच्या आधी वास पोचतो. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. पांढरे झाले की ऊन त्यांच्यातून आरपार येतं. वास दहा मिनिटांत नाकाला सवयीचा होतो, म्हणून परत फिरू नका.

मावशी ओट्यावर जाळ्याशी बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक.

"कोन रे? पॉलिशवाला काय?"

"ओळखलंत?"

"वास आला ना स्पिरिटाचा. ही कोन, तुझी पोर? ये बाय, पानी घे."

अण्णांनी पेटी त्यांच्यासमोर ठेवून उघडली आणि ओट्याखाली उभे राहिले, चपला काढून. म्हणाले, "मावशी, तुम्ही म्हणाला होतात पुसू नको. नऊ वर्षं पुसलेली नाही. फडकंसुद्धा लावलेलं नाही. आता पोराच्या लग्नासाठी विकावी म्हणतो, पण तुमची वस्तू, तुमचा शब्द. तुम्ही नाही म्हणालात तर तशीच परत नेईन."

मावशींनी एकदा गिटारीकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"अरे बाबा, तीन दिस माझ्या घरात त्या स्पिरिटाचा वास. जेवन जात नव्हतं. आल्तार करून उठलास नि हिच्याकडे असा बघायला लागलास, मी म्हटलं, झालं, आता हा हिला घेऊन बसतो, आनखी तीन दिस. म्हनून बोलली, पुसू नको. तुझ्या घरी काय ते कर ना. मी कुठे बघायला येते?"

मी वही मिटली.

"पण मावशी," मी म्हटलं, "काकांच्या आठवणी..."

"कसल्या आठवनी, बाय? एकच गानं यायचं त्याला. तीस वर्सं एकच. आनि तेपन पुरं नाय. मधे येऊन थांबायचा, पुढचं आठवायचं नाय. मग पुन्हा पयल्यापासून. ही गेली तेव्हा घरात शांती झाली. आजूबाजूच्यांनी विचारलं, पेद्रूची गिटार कुठे गेली? मी म्हटलं, देवाने ऐकलं."

"म्हणजे," अण्णा हळूच म्हणाले, "पुसली असती तर चाललं असतं?"

मावशी गिटारीवर वाकल्या होत्या. भोकाखालच्या त्या झिजलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. मास्तरांनी आम्हाला सांगितलं होतं की वाजवणाऱ्याचा हात सहसा असा तिथे लागत नाही.

"हितंच," त्या म्हणाल्या. "गानं अडलं की हितं बोट घासत बसायचा. असा. आठवत."

त्यांनी दोनदा तसं घासून दाखवलं. पलीकडे कुणाच्या तरी मांडवावर कावळे बसले होते, त्यांना हाकलायला एक बाई ओरडत होती.

"तेव्हा चाललं असतं," मावशी म्हणाल्या. "आता नको."

मग त्या आतून सुक्या बोंबलांचा एक जुडा घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. "विकून टाक," अण्णांना म्हणाल्या. "तुला वाजवता येत नाय, मला ऐकायची नाय. ज्याला सबंध गानं येते त्याच्याकडे जाऊ दे. फक्त घेनाऱ्याला सांग, ती जागा पुसू नको म्हनावं."

परत येताना एसटीत अण्णा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं होतं मावशी म्हणतील विकू नको. खरं सांगायचं तर मला तसं हवं होतं. मी मनात एक परिच्छेदही तयार केला होता, स्मृती आणि वारसा असं काहीतरी. पारनाक्याला अण्णा म्हणाले, "मला वाटत होतं तिने मला सांभाळायला दिलीय. तिने तर देऊन टाकली होती." थोड्या वेळाने म्हणाले, "बरं झालं वास आला तिला." आणि एकटेच हसले.

पुढच्या रविवारी वांद्र्याचे गृहस्थ आमच्या दुसऱ्या मजल्यावर आले. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, ते बघून आईने न विचारता चहा चांगल्या कपात केला. अण्णांनी फक्त एक विनंती केली: जाण्यापूर्वी कोरड्या फडक्याने वरची धूळ तेवढी झटकू का? गृहस्थ दचकून म्हणाले, "नको नको, तशीच राहू द्या." मग अण्णांनी मावशींचा निरोप सांगितला. गृहस्थ म्हणाले, "अहो, त्या जागेसाठीच तर घेतोय." गिटार जिन्यावरून खाली गेली तेव्हा अण्णा गॅलरीत उभे होते. आत येऊन म्हणाले, "धुळीसकट नेली." त्यात दुःख किती आणि धक्का किती, सांगता येत नाही.

लग्न झालं. दादा आणि स्वातीवहिनी तुळिंजच्या खोलीत राहतात, चालत पंधरा मिनिटं. आठ गिटारी अजून आमच्याकडेच होत्या. मास्तरांनी त्यांची किंमत सांगितल्यापासून अण्णांनी संध्याकाळचं फडकं बंद केलं होतं. भिंतीकडे पाठ करून बातम्या बघायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात वहिनी आमच्याकडे जेवायला आली. हात धुऊन आली आणि सरळ भुईगाववालीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यात बघून टिकली सरळ केली, केसांची बट मागे घेतली, मान वळवून कानातलं बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "आमच्या खोलीतल्या आरशात एवढं स्वच्छ दिसत नाही. यातली एक मी नेऊ?"

अण्णांनी टीव्ही बंद केला. "सात हात आहेत तिला," म्हणाले. ते स्वतः हातोडी, खिळा आणि मऊ फडकं घेऊन तुळिंजला गेले आणि लावून आले. त्या संध्याकाळी उरलेल्या सात पुन्हा उतरवून पुसल्या.

तर या दोन दिवसांत काय पाहिलं? सोफ्यावरून दिसणाऱ्या केळीच्या वाड्या, सुकेळी, धावत पाहिलेला किल्ला, वाळत घातलेले बोंबील. सगळा खर्च धरून दोघांचे एकशेवीस रुपयेही झाले नाहीत, त्यात चहा-वडे आले. तुमच्याकडे गिटार नसली तरी जा. माझ्या वहीत नववं पान तसंच आहे. तिथे मी खाली लिहिलंय: झिजलेली जागा, कारण: गाणं आठवत नव्हतं. पाचूबंदरच्या बाकी माहितीत याहून खरं मला काही सापडलं नाही.

भुईगाववालीच्या जागी भिंतीवर रिकामा खिळा राहिला. आईने त्यावर कॅलेंडर लावून बघितलं, काढलं. पिशवी अडकवून बघितली, काढली. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या नंदाखालच्या मास्तरांकडे एखादी जुनी पडून असेल का हो?"

अण्णा सावधपणे म्हणाले, "असेल. पण ते म्हणतात तशीच ठेवा, पुसू नका."

"ते म्हणतील," आई म्हणाली. "आधी नीट पॉलिश करा, मग लावा. कळकट वस्तू माझ्या भिंतीवर चालणार नाही."